उगवण ७० टक्के

या वीकेंडला एक लाजिरवाणी गोष्ट सांगणार आहे. लाजिरवाणी अर्थातच माझ्यासाठी. तुम्ही खुशाल हसा.

माझं आजोळ साखरखेर्डा. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "साखर कारखाना आहे का तिथे?" नाही हो. बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. जिजाऊंचं सिंदखेडराजा म्हटलं की मग ट्यूब पेटते. खरं तर गावाला स्वतःचाही इतिहास आहे. १७२४ साली इथे निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला हरवलं आणि हैदराबादच्या निजामांच्या राज्याचा पाया घातला गेला. विजयाच्या भरात गावाचं नाव बदलून त्याने फत्तेखेर्डा केलं. कागदोपत्री ते बरंच टिकलं, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येसुद्धा सापडतं. गावाने मात्र फारसं मनावर घेतलं नाही. एसटीच्या पाटीवर आजही साखरखेर्डाच. कागदावर एक आणि चालू भलतंच, हा प्रकार पुढे परत येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

तर, मामांचं तिथे कृषी केंद्र आहे. बियाणं, औषधं, खतं. खताचं पॉस मशीन वेगळं, त्यावर शेतकऱ्याचा अंगठा लागतो. बाकीची बिलं दुकानातल्या कॉम्प्युटरवर. हा कॉम्प्युटर म्हणजे विंडोज ७ चालणारं एक पुराणपुरुष, शेजारी कर्रर्र करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. बदलून का घेत नाही? कारण चालतोय! गावाकडे एवढं कारण पुरतं आणि खरं सांगायचं तर पुरायलाच हवं.

२०१९च्या दिवाळीत मामांनी मला विचारलं होतं, "बिलावर अक्षरी रक्कम इंग्रजीत काहून येते? तुमच्या कॉम्प्युटरले मराठी येत नाही का बाप्पा?"

आता भाच्याला असं विचारल्यावर भाचा गप्प बसेल का? इंग्रजीत हे काम सोपं आहे. वीसपर्यंतचे शब्द आणि मग दहा-दहाचे, झालं. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द. एकोणसत्तर, अठ्ठ्याहत्तर, त्र्याण्णव. कुठलंही सूत्र नाही, सगळं पाठ. वर शंभराला 'शंभर', पण एकशे एकला 'एकशे'. मी अख्खा तक्ता टाइप केला, आईकडून शुद्धलेखन तपासून घेतलं आणि एक छोटी पायथन लायब्ररी झाली. आकडा द्या, 'अक्षरी रुपये एक हजार दोनशे पंचेचाळीस फक्त' घ्या. मामेभाऊ तेव्हा कॉलेजात होता, त्याने ती बिलाच्या प्रोग्रामला जोडली. मशीनवर पायथन ३.८ टाकलं, तेव्हा ते नुकतंच आलं होतं. मी लायब्ररी ओपन सोर्स म्हणून पायपीआयवर चढवली. पायपीआय म्हणजे पायथनवाल्यांचं सार्वजनिक गोदाम. तिथे कोणीही माल ठेवावा, कोणीही 'पिप' नावाच्या हमालाकरवी उचलून न्यावा.

पुढची तीन वर्षं मजेत गेली. डाउनलोडचा आकडा वाढताना बघून छाती फुगायची (त्यातले बरेचसे रोबॉट असतात हे नंतर कळलं).

२०२२ मध्ये एका पावसाळी शनिवारी मला साफसफाईची हुक्की आली. माझ्या लॅपटॉपवर तोवर पायथन ३.१० होतं. कोड जरा देखणा केला आणि २.० म्हणून चढवला. त्यात एक ओळ होती. पैसे शून्य असतील तर मजकुराच्या शेवटचं 'शून्य पैसे' काढून टाकायचं, त्यासाठी मी 'रिमूव्हसफिक्स' वापरलं. तुम्ही विचाराल, मुळात 'शून्य पैसे' आधी लावायचं आणि मग काढायचं कशाला? बरोबर आहे तुमचं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की ही सोय पायथनमध्ये ३.९ पासून आली. ३.८ ला ती ठाऊकच नाही.

हे मी कुठे लिहून ठेवलं? कुठेही नाही.

आता इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, जांभई आली तर एक परिच्छेद सोडून द्या. पायथनचं पॅकेज बांधताना 'हे कुठल्या आवृत्तीवर चालतं' हे सांगायच्या दोन जागा असतात. एक म्हणजे क्लासिफायर. 'पायथन ३.६', 'पायथन ३.७' अशा पाट्यांची माळ. पॅकेजच्या पानावर छान दिसते, शोधताना उपयोगी पडते, पण पिप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती फक्त माणसांनी वाचायची. दुसरी जागा म्हणजे 'रिक्वायर्स-पायथन' ही एक ओळ: किमान ३.९ हवं, वगैरे. ही पिप वाचतो. ३.८ वाल्या मशीनवरून मागणी आली की तो ही ओळ बघतो, 'हे तुमच्यासाठी नाही' असं मनाशी म्हणतो आणि गुपचूप मागे जाऊन त्या मशीनला चालेल अशी शेवटची जुनी आवृत्ती उचलून आणतो. वापरणाऱ्याला कळतसुद्धा नाही, आणि तेच तर हवं असतं.

ही ओळ लिहायची सोय तशी जुनी, २००५ सालच्या प्रस्तावातली. पण पिप ती पाळायला लागला नोव्हेंबर २०१६ मध्ये, ९.० आवृत्तीपासून. त्यामागे आयपायथनच्या मंडळींचा मोठा हात होता. त्यांना पायथन २ ला रामराम करायचा होता आणि जुन्या मशीनवाल्यांची वाट लावायची नव्हती. म्हणून त्यांनी आधी सगळी यंत्रणा नीट करून घेतली आणि मगच एप्रिल २०१७ मध्ये फक्त पायथन ३ वर चालणारं ६.० काढलं. पायथन २ वाल्यांना आपोआप ५ च्या मालिकेतलं मिळत राहिलं. निरोप घ्यावा तर असा.

आणि मी? माझ्या क्लासिफायरमध्ये ३.६ पासून ३.१० पर्यंत सगळ्या पाट्या होत्या. दुसऱ्या एका प्रोजेक्टमधून कॉपी-पेस्ट केलेल्या. त्यातल्या ३.१० वरच मी तो कोड खरोखर चालवून बघितला होता. रिक्वायर्स-पायथनची ओळ कोरी. म्हणजे फत्तेखेर्डाच की हो.

२०२३च्या मेमध्ये मामेभाऊ सुटीला घरी आला. मामी दिवाळीआधी घर झाडते तसं त्याने मशीनवरचं सगळं अपडेट केलं. पिपने इमानदारीत माझं २.० आणलं. कोणी अडवलं नाही, कारण अडवणारी ओळच नव्हती. पोराने चाचणीही घेतली. १२३४.५६ टाकलं, झकास उत्तर आलं. तुम्ही-आम्ही सगळे १२३४.५६ च टाकतो ना! पण दुकानातलं बिल पूर्ण रुपयात गोळा होतं. पैसे कायम शून्य. म्हणजे जी एक वाट तुटली होती, दुकानातलं प्रत्येक बिल त्याच वाटेने जाणार होतं. उन्हाळ्यात गिऱ्हाईक तुरळक, मामा पावतीपुस्तकावरच काम भागवायचे. कॉम्प्युटर लागतो तो पेरणीत.

त्या वर्षी पाऊस लांबला होता हे तुम्हाला आठवत असेल. जूनचा शेवटचा आठवडा आला तेव्हा कुठे विदर्भात मान्सून पोचला. आणि मग अख्ख्या पंचक्रोशीला एकाच दिवशी सोयाबीन हवं. आपल्याकडे लोड टेस्टिंग म्हणतात ना, ते हे. दुकानाबाहेर रांग, वर आभाळ भरलेलं आणि पहिल्याच बिलाला प्रोग्राम बंद. परत चालू केला, परत बंद. पायथनने काळ्या खिडकीत कारण लिहिलं असणार, पण ती खिडकी मिटते पापणी लवायच्या आत, आणि मिटली नसती तरी मामांना काय कळणार होतं? भावाला फोन गेला. तो परीक्षेत. शेवटी दिवसभर हाताने पावत्या. लोकांचा खोळंबा झाला. वापसा साधायचा असतो तेव्हा अर्धा दिवस म्हणजे काय, हे शेती करणाऱ्यालाच विचारा. काही जण कंटाळून मेहकरला गेले असं मामी म्हणाली.

हे सगळं मला केव्हा कळलं? नोव्हेंबरमध्ये. दिवाळीला गेलो तेव्हा. तेही कोणी सांगितलं नाही.

काउंटरवर एक बिल पडलं होतं. छापील. आकडे छापील, तारीख छापील आणि 'अक्षरी' समोर निळ्या पेनाने, मामांच्या वळणदार अक्षरात: तीन हजार चारशे ऐंशी रुपये फक्त. गठ्ठा उलटून बघितला. सगळीच तशी. साडेचार महिने हा माणूस प्रत्येक बिलावर हाताने अक्षरी रक्कम लिहीत होता. भावाने संध्याकाळी फोनवरून सांगून ती ओळ बंद करून घेतली होती, म्हणून बाकीचं बिल निघत होतं.

"मामा, मला एक फोन करायचा ना!"

"तुमाले काय सांगा लागते एवढ्यासाठी," मामा म्हणाले. "चाललं मग."

वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. मी एवढासा होतो तेव्हापासून हे साठीला टेकलेले गृहस्थ माझ्या पाया पडत आले आहेत आणि मला दर वेळी कसंसंच होतं. अशा माणसाने भाच्याच्या कामात खोट आहे असं फोन करून सांगायचं? शक्यच नाही. भावाला पकडलं. तो म्हणाला, "दादा, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. आपलं मशीनही जुनं आहे ना."

हे वाक्य मला अजून टोचतं. मशीन जुनं होतं हे खरंच. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढचं बसतच नाही, त्यामुळे मामांपुढे अपडेटचा मार्गही नव्हता. पण त्यात त्या मशीनचा दोष काय? त्या नोव्हेंबरात ३.८ ची मुदत संपायला अजून अकरा महिने होते. चुकीची पाटी मी लावली होती आणि लाज त्याला वाटत होती. माझ्या इश्यू ट्रॅकरवर या बाबतीत एकही तक्रार नव्हती. मी त्याचा अर्थ 'सगळं सुरळीत आहे' असा घेत होतो. :-)

पाडव्याला दुकानात बसलो होतो. तोंड लपवायला काहीतरी वाचावं म्हणून भिंतीवरच्या खिळ्याला तारेत ओवलेली बियाण्यांची लेबलं वाचू लागलो. मामा प्रत्येक लॉटचं एक लेबल जपून ठेवतात, तक्रार आली तर लागतं. काही निळी, काही हिरवी. निळं म्हणजे प्रमाणित: बीज प्रमाणीकरण यंत्रणेने, जिचं मुख्यालय आपल्या अकोल्यात आहे, शेत बघून, नमुना तपासून दिलेलं. हिरवं म्हणजे सत्यप्रत. 'सत्यप्रत' हा शब्द मी तोवर कधी नीट वाचलाच नव्हता. तिथे प्रमाणीकरणाचा शिक्का नसतो. जो विकतो तो स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतो की आत काय आहे. वाण कुठला, लॉट नंबर, चाचणी कधी घेतली, कधीपर्यंत वैध. आणि उगवणशक्ती, किमान ७० टक्के.

"सत्तरच काहून?" मी विचारलं. (दुकानात बसलं की भाषा आपोआप वळते.)

"सोयाबीन नाजूक असते. पोतं आपटलं तरी उगवण कमी होते. सत्तर म्हणजे त्याच्या खाली नाही. वर नव्वद उगवू दे की पंच्याण्णव, ते कोण लिहीन? पुढचं कोणाले माहीत."

तरी मामा लेबलावर विसंबत नाहीत. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी कोंब मोजतात. सत्तरच्या खाली आले तर लॉट परत. मी शहाणा, पुण्यात बसून एकही दाणा न भिजवता पाच-पाच पाट्या लावून मोकळा झालो होतो.

त्याच रात्री लॅपटॉप उघडला. दुरुस्ती सोपी वाटली. २.१ काढायचं, त्यात 'किमान ३.९' लिहायचं, झोपायचं. चढवलं. मग भावाला म्हटलं, आता टाकून बघ. पिपने २.१ बघितलं, 'हे तुमच्यासाठी नाही' म्हणून मागे सरकला आणि आणलं काय? तर २.०! कारण २.० वर काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ते सगळ्यांना चालतं असा पिपचा समज. आणि पायपीआयवर एकदा चढवलेल्या मालाचं लेबल बदलता येत नाही, त्याच नावाची फाइल पुन्हा चढवताही येत नाही. डोक्याला हात लावून बसलो.

यावर उतारा आहे, त्याला 'यँक' म्हणतात. २०१९ पासूनची सोय. आवृत्ती पुसली जात नाही, पण मागे ओढून घेतली जाते. कोणी नेमका तोच नंबर मागितला तरच पिप ती देतो, एरवी वगळतो. २.० ला यँक केलं. पुन्हा चालवलं. पिप २.१ वरून थेट १.४ वर आला. भावाने १०० टाकलं. 'अक्षरी रुपये शंभर फक्त.' दुसऱ्या खोलीतून मामी ओरडली, "झोपा आता!"

पुण्याला परतल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो, ताकसुद्धा फुंकून प्यायला लागलो. म्हटलं आता खालची मर्यादा लिहितो तशी वरचीही लिहून टाकू. '३.९ ते ३.१२, त्यापुढे नको.' भीती अगदीच निराधार नव्हती. ३.१० मध्ये 'कलेक्शन्स'मधली काही जुनी नावं गेली आणि कितीतरी लायब्रऱ्या आडव्या झाल्या. ऑक्टोबर २०२३च्या ३.१२ मध्ये तर अख्खं 'डिस्टयुटिल्स' काढून टाकलं. मग कुंपण घातलेलं काय वाईट?

वाईट असं की पिप इथेही तोच खेळ खेळतो. ३.१३ वाला कोणी आला की कुंपण बघून मागे जातो आणि कुंपण नसलेली एखादी जुनाट आवृत्ती, समजा १.०, त्याच्या गळ्यात घालतो. जी ३.१३ वर चालण्याची शक्यता आणखी कमी. शिवाय माझ्यावर अवलंबून असलेल्यांनाही तेच कुंपण आपल्या पॅकेजवर चढवावं लागणार. म्हणजे मला ज्याची माहितीच नाही अशा पुढच्या गोष्टीबद्दल मी 'नाही चालणार' असं लेखी देतोय. खालची मर्यादा मी तपासून सांगू शकतो, वरची म्हणजे नुसता ज्योतिषीपणा. कुंपण काढलं.

सगळ्यांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही हेही सांगितलं पाहिजे. माझी लायब्ररी म्हणजे शंभर शब्दांचा तक्ता. पण आपल्या पवईतल्या आयआयटीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं 'मायावी' घ्या, त्रिमितीय चित्रं काढणारं. ते व्हीटीके या सी-प्लस-प्लसमधल्या डोंगरावर उभं आहे. तिथे प्रत्येक नव्या पायथनसाठी खालचा डोंगर नव्याने कंपाइल होऊन यावा लागतो आणि तयार फाइलच्या नावातच ती कुठल्या पायथनची ते कोरलेलं असतं. ती आली नसेल तर वर तुम्ही काय जाहीर केलंय याला शून्य किंमत. अशा मंडळींनी वरचं कुंपण घातलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

आता माझ्याकडेही गोणपाट आहे. कोड चढवला की जाहीर केलेल्या प्रत्येक आवृत्तीवर आपोआप चाचण्या चालतात आणि चाचण्यांच्या यादीत नसलेली पाटी क्लासिफायरमध्ये जात नाही. यात एक गंमत झाली. यादीत ३.१० लिहिलं आणि चाचणी ३.१ वर चालवायला गेली! कारण ती यादी वाचणाऱ्याच्या लेखी ३.१० हा दशांश आकडा, शेवटचं शून्य उडालं. अवतरणचिन्हात घातल्यावर सुधारलं. शून्य आणि माझं काहीतरी वाकडं आहे हे नक्की.

३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, ३.९ ची ऑक्टोबर २०२५ मध्ये. दर वर्षी एक नवं येतं, एक जुनं जातं, आणि मी किमान आकडा एकेक पायरी वर नेतो. तसं करताना हल्ली बदलांच्या यादीत सगळ्यात वर लिहितो: 'जुन्या पायथनवाल्यांसाठी शेवटची आवृत्ती अमुक.' १.४ ची शाखा मात्र मी चालू ठेवली आहे. तिचं गिऱ्हाईक माझ्या माहितीत एकच. मागच्या वर्षी तिच्यात 'अठ्ठ्याहत्तर'ची एक चूक दुरुस्त केली (ती मामांनीच काढली, आईच्या नजरेतून सुटली होती) आणि १.४.३ चढवलं. मित्र हसले. मुदत संपलेल्या पायथनसाठी कोणी रिलीज काढतं का म्हणाले. सुरक्षेच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे, त्या मशीनचं इंटरनेट भावाने एरवी बंदच ठेवलंय. पण डॉट मॅट्रिक्स अजून कर्रर्र करतोय आणि मामा तो बदलणार नाहीत.

गेल्या जूनमध्ये भावाने एका बिलाचा फोटो पाठवला. अक्षरी रक्कम छापील, शुद्ध मराठीत. तिच्या शेजारी निळ्या पेनाने बरोबरची खूण होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणे मामा प्रत्येक बिलावर ती ओळ वाचून बघतात, मगच गिऱ्हाइकाला देतात.